शब्बाथच्या पाराशेवर मराठीत विवेचन कसे तयार करावे

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, सकाळी तेफिला (प्रार्थना) संपते आणि काळ्या मनुकांच्या सरबताचे पेले भरले जातात. त्याआधी कोणीतरी उठून त्या आठवड्याच्या पाराशेवर, म्हणजे तोरा या आपल्या मूळ धर्मग्रंथातल्या त्या आठवड्याच्या वाचनावर, आठ-दहा मिनिटे मराठीत बोलावे, अशी विनंती मुंबईतल्या आपल्या मशिदींत अधूनमधून होते आणि ज्याला ती होते तो बहुधा गांगरून जातो. (आम्हा मराठी यहुद्यांतली, म्हणजे बेने इस्राएलांतली, जुनी माणसे सिनेगॉगला, आपल्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात. मांडवीतील १७९६ सालची शाअर हारहमीम ही 'जुनी मशीद', आणि जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे आपल्याकडे सांगतात. म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.) गांगरलेला माणूस शुक्रवारी दुपारी इंटरनेटवरून एखादे इंग्रजी प्रवचन उतरवतो, त्याचे घाईघाईने मराठी करतो आणि ते वाचून दाखवतो. ऐकणारे सभ्य असतात म्हणून गप्प बसतात. असे विवेचन कोणाच्या लक्षात राहत नाही, याचे कारण वक्त्याची हुशारी कमी पडते हे नव्हे. त्याला पडलेला प्रश्न दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. माझी पद्धत निराळी आहे: पाराशेतला एकच शब्द घ्यावा, तो मराठीच्या तराजूत तोलावा आणि जिथे काटा हलतो तिथून बोलायला सुरुवात करावी.

प्रथम पाराशा कोणती हे निश्चित करावे. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. तोराच्या पाच ग्रंथांच्या ५४ पाराशा असून सिम्हात तोरा या सणाला शेवटची संपवून लगेच पहिली उघडतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आपल्या पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा अधिक अदार महिना येतो. अशा मोठ्या वर्षी बहुतेक पाराशा सुट्या वाचल्या जातात, तर साध्या वर्षी काही पाराशा दोन-दोन एकत्र कराव्या लागतात. शिवाय सण शब्बाथला आला तर नेहमीची पाराशा पुढे ढकलून सणाचा उतारा वाचतात. खरा घोटाळा इथेच होतो. इस्राएलमध्ये पेसाह (मिसरमधून सुटकेचा सण) सात दिवसांचा आणि मुंबईत आठ दिवसांचा असतो. शाबुओत हा सणही तिथे एक दिवस, इथे दोन. आठवा दिवस शनिवारी पडला की मुंबईत सणाचे वाचन होते आणि इस्राएल मात्र एक पाराशा पुढे निघून जाते. २०२२ साली नेमके असेच झाले होते. इस्राएलमधल्या अश्दोदच्या चुलतभावाने पाठवलेल्या तक्त्यावर विसंबून मी केदोशीम या पाराशेची तयारी करून गेलो आणि तेबावर (वाचनाच्या ओट्यावर) सेफेर (तोराची गुंडाळी) उघडला तो आधीच्या आहारे मोत या पाराशेवर. ही तफावत त्या वर्षी जुलैअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन महिने टिकली. तेव्हा तक्ता पाहताना तो 'इस्राएलबाहेरील' आहे याची खात्री करावी, किंवा सरळ हझानसाहेबांना (तेफिला चालवणाऱ्यांना) विचारावे. त्यात कमीपणा नाही.

रविवारी वाचनाला बसावे. आपल्या शास्त्र्यांनी यासाठी जुनी रीत घालून दिली आहे. तालमुद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या बेराखोत या भागात म्हटले आहे की प्रत्येकाने त्या आठवड्याची पाराशा मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा, अशी समाजाबरोबर पुरी करावी. त्या काळी भाषांतर म्हणजे अरामी तारगूम, कारण लोकांच्या तोंडी अरामी होती. आपल्या तोंडी मराठी आहे, म्हणून तिसरे वाचन मराठीत करणे ही सवलत नसून तीच मूळ रीत आहे असे मी मानतो. ज्यांना हिब्रू अक्षरे लागतात पण अर्थ लागत नाही, त्यांनीही मूळ दोनदा मोठ्याने वाचावेच, कारण कोणता शब्द एकाच वचनात दोनदा आला, हे कानाला आधी कळते. ठाण्याहून मुंबईला लोकलने जाणाऱ्यास तिसरे वाचन आठवड्यात गाडीत सहज पुरे करता येते. पहिली दोन मात्र घरी, टेबलाशी बसून करावीत.

मराठी पाठ बहुधा बाजारातल्या मराठी बायबलचाच वापरावा लागतो. तो वापरण्यास हरकत नाही, पण तीन गोष्टींत सावध राहावे. वचनांचे आकडे सर्वत्र जुळत नाहीत: वायिश्लाह ही पाराशा आपल्या हुम्माशमध्ये (तोराच्या छापील पुस्तकात) बरेशीत या पहिल्या ग्रंथाच्या ३२:४ पासून सुरू होते, तर तेच वचन मराठी बायबलात ३२:३ म्हणून सापडते, मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे आपल्याकडे तीन अध्याय, तिथे चार. आकडा चुकवून सांगितला की मागच्या बाकावरचे आजोबा पुढची पाच मिनिटे पाने उलटत राहतात. दुसरे म्हणजे, मशिदीत उभे राहून तोराला 'जुना करार' म्हणू नये. तो शब्द ज्यांच्याकडे 'नवा करार' आहे त्यांचा आहे. आपल्यासाठी ती तोरा आणि संपूर्ण ग्रंथसमूह तानाख. तिसरे, छापील मराठी शब्दावर विवेचन उभारण्यापूर्वी त्याखाली कोणता हिब्रू शब्द आहे ते पाहावे. वायिक्रा या तोराच्या तिसऱ्या ग्रंथात पानोपानी येणाऱ्या 'कोर्बान' या शब्दाला मराठीत बली, यज्ञ, अर्पण असे प्रतिशब्द मिळतात आणि वाचणाऱ्याच्या मनात सुरी, अग्नी, धूर उभे राहतात. मूळ धातूचा अर्थ मात्र 'जवळ येणे' असा आहे. मराठीत त्याला नेमका जोड नाही, आणि जोड नाही हे मोकळेपणाने सांगणे हीच विवेचनाची चांगली सुरुवात होऊ शकते.

आता शब्द कसा निवडावा, हे एका उदाहरणावरून सविस्तर दाखवतो. पाराशा तोलेदोत, बरेशीतचा २५वा अध्याय, २९ ते ३४ ही वचने. धाकटा भाऊ याकोब काहीतरी शिजवतो आहे आणि थोरला एसाव रानातून थकून आला आहे. २९व्या वचनात फक्त 'शिजवलेले' असे आहे. ३०व्या वचनात एसाव म्हणतो, 'मिन हाआदोम हाआदोम हाझे', शब्दशः 'त्या तांबड्या तांबड्यातले'. पदार्थाचे नावसुद्धा त्याच्या तोंडून निघत नाही, फक्त रंग निघतो आणि तोही दोनदा. मराठी वाचकाला ही द्विरुक्ती समजावून सांगावी लागत नाही. भुकेलेले पोर स्वयंपाकघरात येऊन 'आई, ते गरम गरम दे' म्हणते तेव्हा त्याचे लक्ष ताटावर असते, भाषेवर नसते. इंग्रजी प्रवचनात या जागी अर्धे पान स्पष्टीकरणाला खर्च होते. आपल्याला ते घरचे आहे, आणि नेमक्या अशाच जागा शोधायच्या असतात.

त्याच वचनातला दुसरा शब्द याहून मौल्यवान आहे. एसाव 'मला खायला दे' असे म्हणत नाही, 'हालीतेनी' म्हणतो. राशी (१०४०–११०५), म्हणजे फ्रान्समधील त्र्वा गावचे थोर भाष्यकार, यावर सांगतात की मी तोंड उघडतो आणि तू आत ओत, असा त्याचा अर्थ आहे. उंटाच्या तोंडात चारा घालण्यासाठी मिश्ना या जुन्या नियमसंहितेत हाच धातू वापरला आहे. मग मराठीत काय म्हणावे? 'भरव' म्हणावे तर त्यात आईचा हात येतो. 'चार' म्हणावे तर पक्षीण आणि तिची पिल्ले डोळ्यांसमोर येतात. 'कोंब' म्हणावे तर राग येतो. मी एकदा हे तीनही शब्द कागदावर लिहून शुक्रवारच्या जेवणाला घरात विचारले, आणि घासाघासाला वाद झाला. शेवटी 'घशात ओत' यावर एकमत झाले. तो वाद हेच माझ्या विवेचनाचे पहिले निम्मे झाले. तयार उत्तरापेक्षा नाकारलेले तीन शब्द श्रोत्यांना अधिक देऊन जातात, हा माझा अनुभव आहे.

आणखी पुढे वाचावे. 'तांबडे' म्हणजे काय, हे तोरा ३४व्या वचनापर्यंत झाकून ठेवते. जेवणाच्या बदल्यात थोरलेपणाचा सौदा होतो, शपथ होते, थोरलेपण हातचे जाते आणि मग कळते की ती मसूर होती, सोबत भाकरी. त्यापाठोपाठ हिब्रूत एका दमात पाच क्रियापदे येतात: जेवला, प्याला, उठला, गेला, आणि थोरलेपण तुच्छ मानले. मराठीत हे 'जेवून, पिऊन, उठून निघून गेला' असे गुंफून वाचू नये. पाच ठोके पाच जागी पडू द्यावेत. इथे 'ज्येष्ठत्वाचा हक्क' या छापील शब्दप्रयोगापेक्षा 'थोरलेपण' बरे, कारण त्यात वाटा आणि जबाबदारी दोन्ही आहेत. देवारीम या तोराच्या पाचव्या ग्रंथाच्या २१व्या अध्यायानुसार थोरल्याला दुप्पट वाटा मिळतो. मुंबईत पागडीच्या खोलीवरून ज्यांच्या घरात दोन भावांचे बोलणे बंद झाले आहे, त्यांना हे कथानक प्राचीन वाटणार नाही. मात्र कोणाच्या घराकडे बोट जाईल इतके जवळचे उदाहरण देऊ नये. श्रोते चाळीसच असतात आणि सर्व एकमेकांचे सोयरे असतात. याकोबाला साळसूद ठरवण्याचीही घाई करू नये. वचनाचा उघड ठपका एसाववर आहे हे खरे, परंतु भुकेल्या भावाकडून आधी शपथ घेणारा याकोबही त्याच वचनांत उभा आहे, आणि श्रोत्यांना तो दिसतोच.

इथवर आल्यावर भाष्यकारांकडे जावे, त्याआधी नाही. राशी विचारतात, मसूरच का? त्यांनी दिलेले परंपरेचे उत्तर असे: त्या दिवशी आजोबा अब्राहाम वारले होते आणि याकोब सुतकाचे जेवण रांधत होता. मसूर चाकासारखी गोल असते, कारण शोकही जगात चाकासारखा फिरत प्रत्येकाच्या दारी येतो. आणि जसे मसुरीला तोंड नसते तसे शोक करणाऱ्यालाही तोंड नसते, तो बोलत नाही. हे ऐकल्यावर मला टिशा बेआव या उपवासाच्या शोकदिवसाच्या आदल्या संध्याकाळचे वालाचे बिरडे आठवले, ज्यावरून आपल्या पूर्वजांनी त्या दिवसाला 'बिरड्याचा सण' असे नाव दिले. शोकाच्या दिवशी कडधान्य, मसूर काय आणि वाल काय, अशी जुळणी मी मोठ्या समाधानाने विवेचनात घातली. किद्दुशनंतर (सरबतावरच्या आशीर्वादानंतर) एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळा, वालाला तोंड असतं. बिरडं सोलताना बघितलं नाहीस का कधी, पांढरं पांढरं?" आजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. म्हणून नियम असा: आपल्या स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा असेल तर आधी स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. तसे पाहिले असते तर तांबडी मसूरडाळ शिजल्यावर पिवळी पडते हेही वेळेत कळले असते, आणि मग याकोबाच्या भांड्यात अख्खा मसूर होता की काय, हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वी मीच विचारला असता.

मांडणीसाठी दोन जुने साचे आपल्या हाताशी आहेत. मिद्राश या प्राचीन विवेचनसाहित्यातली 'पेतिहता' दूरच्या, बहुधा तेहिलीम (स्तोत्रे) किंवा मिश्ले (नीतिसूत्रे) यांतल्या एखाद्या वचनापासून निघते आणि वळणे घेत पाराशेच्या पहिल्या वचनावर येऊन थांबते. कोठे पोहोचायचे हे सर्वांना माहीत असते, कसे पोहोचणार याचीच उत्सुकता असते. दुसरा साचा कीर्तनाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल मंडळींनी तानाखमधील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि केली, त्यात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान ही नारदीय चौकट घेतली होती. आठ मिनिटांत दोन्ही रंग भरत नाहीत. म्हणून मी क्रम उलटा करतो: आधी आख्यानातला एक क्षण, मग शब्द, मग प्रश्न, आणि तत्त्व आपोआप निघाले तरच. हफ्तारेचा, म्हणजे पाराशेनंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्याचा, धागा जुळत असेल तर एका वाक्यात जुळवावा. ओढूनताणून जुळवलेला धागा ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

सणांचे विवेचन करताना आपल्याला एक असा ठेवा मिळालेला आहे जो जगातील इतर यहुद्यांकडे नाही: सणांची कोकणी बेने इस्राएल नावे. नववर्षाचा रोश हाशाना म्हणजे 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताचा योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', पुरीम म्हणजे 'होळीचा सण', पेसाह म्हणजे 'अनाशी ढाकाचा सण'. शेवटच्या नावातले 'अनास' म्हणजे आंबट कालवणाची बरणी, जी त्या दिवसांत झाकून ठेवत. कोकणात तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटल्या गेलेल्या माणसांच्या स्मरणात बरणीचे झाकण राहिले होते. हामेत्सवर (पेसाहात वर्ज्य अशा आंबवलेल्या पदार्थांवर) बोलायचे असेल तर त्या झाकणापासून सुरुवात करावी. दारफाळणीचेही तसेच. त्या दिवशी पूर्वज दारे लावून घरात बसत. आणि दिवसाच्या शेवटच्या तेफिलेचे नाव 'नेइला' म्हणजेही बंद होणे, द्वारे मिटणे. ही दोन दारे एकच आहेत असा दावा करू नये, तसा पुरावा आपल्याकडे नाही. ती शेजारी शेजारी ठेवावीत आणि पुढे जावे. त्या दुपारच्या, योना या संदेष्ट्याच्या कथेच्या वाचनाला त्यामुळे वेगळीच धार येते, कारण तो तर सारी दारे टाळून जहाजावर चढलेला माणूस.

हवामानाचीही जाणीव ठेवावी. तोराचा पाऊस हिवाळ्यात पडतो, आपला जून ते सप्टेंबर. सुक्कोत या मांडवांच्या सणाच्या सुमारास परतीच्या पावसाने मांडव भिजला की मिश्नामधील दाखला आठवतो: सुक्कामधून (मांडवातून) कधी उठावे? पेज बिघडेल इतका पाऊस आला की. आणि असा पाऊस म्हणजे धन्यासाठी पेला भरायला आलेल्या चाकराच्या तोंडावर धन्याने तांब्या ओतावा तसा. ऑक्टोबरातला मुंबईकर हे ऐकून हसतो, कारण त्याला तांब्या माहीत आहे. मात्र पावसाला शिक्षा मानणारा हा दाखला तिथल्या ऋतूचा आहे, हे त्याला सांगितलेच पाहिजे. आपला मांडव दरवर्षी भिजतो म्हणून आपण दरवर्षी अपराधी ठरत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात. मजकूर गुरुवारपर्यंत हाती लिहून काढावा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचावा. आठ मिनिटांच्या वर गेला तर उपसंहार आधी कापावा, बहुतेक वेळा त्याची गरज नसतेच. अक्षर मोठे असावे. शब्बाथला लिहिता येत नाही, मोबाइल उघडता येत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावरून वस्तू नेण्यासही मनाई आहे, म्हणून कागद शुक्रवारी दुपारीच मशिदीत नेऊन शामाशकडे (मशिदीच्या सेवकाकडे) ठेवावा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लागतात, तेव्हा डिसेंबरात मुंबईत संध्याकाळी सहा वाजायच्या आत सारे आवरावे लागते, जुलैत सात वाजेपर्यंत सवड मिळते. कागदावर देवाचे हिब्रूतील चार अक्षरी नाव लिहू नये, 'हाशेम' लिहावे. नाहीतर तो कागद रद्दीत टाकता येणार नाही, गेनिझामध्ये (पवित्र कागद ठेवण्याच्या जागी) द्यावा लागेल. शनिवारी दहा जण जमले नाहीत, आणि मुंबईत असे आता होते, तर सेफेर काढता येत नाही. अशा वेळी विवेचन रद्द करू नये. हुम्माश हातात घेऊन, बाके जवळ ओढून, सहा-सात जणांत बसून बोलावे. तिथे वाद अधिक चांगला होतो.

शब्बाथ सुटल्यावर, हब्दाला (शब्बाथला निरोप देण्याचा विधी) झाल्यानंतर, घरी येऊन त्या दिवशी कोणी काय विचारले ते त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवावे आणि कागद पाराशेच्या नावाने जपावा, म्हणजे पुढच्या वर्षी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. माझ्या तोलेदोतच्या कागदामागे एकच ओळ आहे: वालाला तोंड असते.